दयामरण की इच्छामरण?

प्रश्न : परवा एका बातमीच्या मथळ्यात 'इच्छामरण' होतं आणि खाली मजकुरात 'दयामरण'. दोन्ही एकच का? मुलीने विचारलं आणि मला धड सांगता आलं नाही.

– एक नाहीत. इच्छामरणात इच्छा मरणाऱ्याची. दयामरणात दया दुसऱ्याची, मरणाऱ्याला कुणी विचारलेलंच नसतं. अरुणा शानभागचं प्रकरण आठवा. परळच्या केईएममधली ही परिचारिका १९७३ च्या नोव्हेंबरात तिच्यावर हल्ला झाला तेव्हापासून मे २०१५ पर्यंत तिथेच अंथरुणाला खिळून होती. तिचं अन्न थांबवावं, असा पत्रकार पिंकी विराणींचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ ला फेटाळला आणि अरुणाच्या वतीने बोलायचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. तिला मासे आवडतात, हेही त्या खटल्यात नोंदलं गेलं. तिची इच्छा काय, ते कुणालाच कळणार नव्हतं. दया मात्र दोन्हीकडे होती : विराणींची दया अन्न थांबवा म्हणत होती, परिचारिकांची दया घास भरवत होती. मग 'दयामरण' म्हणताना नेमकी कुणाची दया? तरी वर्तमानपत्रं त्या काळात बेधडक 'अरुणाचं इच्छामरण' छापत होती.

– मला खटकतं ते वेगळंच. मूळ शब्द 'मर्सी किलिंग'. किलिंग म्हणजे मारणं. मराठीत त्याचं 'मरण' कसं झालं? जारण-मारणातला 'मारण' आपल्याकडे होताच की. एक काना काढला आणि मारणारा गायब! गंमत म्हणजे कायद्याची सगळी भानगड त्या कान्यातच आहे. इंजेक्शन देऊन जीव घेणं हे मारण, त्याला भारतात आजही परवानगी नाही. कृत्रिम आधार काढून घेणं हे मरण. त्याला २०११ मध्ये अरुणाच्याच निकालात वाट मिळाली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालाने ती पक्की झाली. 'सक्रिय' आणि 'निष्क्रिय' ही जड विशेषणं लावण्यापेक्षा काना बरा.

– काना पटला. पण 'इच्छामरण' शब्दही इतका साळसूद नाही. तो भीष्मांचा. शंतनूने दिलेल्या वराचा अर्थ असा की, तू म्हणेपर्यंत मरण येणार नाही. भीष्म शरपंजरी पडून उत्तरायणाची वाट बघत राहिले, म्हणजे त्यांनी मरण लांबवलं. आजचा माणूस ते लवकर यावं म्हणून अर्ज करतो. शब्द तोच, दिशा उलटी. स्वतःहून अन्नपाणी सोडण्याला तर आपल्याकडे वेगळा शब्द आहेच : प्रायोपवेशन. १९६६ मध्ये सावरकरांनी आणि १९८२ मध्ये पवनारला विनोबांनी तेच केलं. त्याला कुणी दयामरण म्हणून बघा!

– तुम्ही सगळे पुस्तकातले शब्द बोलताय. मी आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर अकरा रात्री काढल्यात. तिथे यातला एकही शब्द कानावर आला नाही. तिथला शब्द 'डामा'. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घरी नेतोय, असं लिहून द्यायचा कागद. "सतरा नंबरवाल्यांनी डामा घेतला" म्हटलं की सगळं कळायचं. आमच्या काकांच्या वेळी डॉक्टर एवढंच म्हणाले, "घरी न्यायचं असेल तर बघा." काकूने विचारलं, "म्हणजे?" कुणी उत्तर दिलं नाही. ती इच्छा होती, दया होती की बिलाचा आकडा होता, मला अजून सांगता येत नाही.

– ताई, तुमच्यापुढे बोलणं अवघड आहे. पण त्या बाकड्यावर बसायची वेळ घरच्यांवर येऊ नये म्हणूनच २०१८ च्या निकालात लिव्हिंग विल आलं, म्हणजे पुढे बोलता येईनासं झालं तर कोणते उपचार नकोत हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवायचं. आधी त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, तेवढ्यासाठी कोण जाणार? २०२३ मध्ये नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालेल असं झालं, दोन साक्षीदार हवेतच. याला मराठीत काय म्हणावं यावर मात्र एकमत नाही. 'जिवंत इच्छापत्र' शब्दशः आहे आणि कानाला बरं लागत नाही. 'मृत्युपत्र' तर मेल्यावर उघडायचं. मी गेल्या वर्षी माझं केलं. नोटरीने कागद हातात घेऊन विचारलं, "मृत्युपत्र का?" म्हटलं, "नाही, त्याच्या आधीचं." तो क्षणभर थांबला, रजिस्टरात 'इच्छापत्र' लिहिलं, पुढे कंसात 'वैद्यकीय' घातलं आणि शिक्का मारला.