वेगात गाडी डुलते, थरथरते : तुमचे अनुभव सांगा

पुतण्याने जुनी १५० सीसी बाईक घेतली. काल फोनवर म्हणाला, "काका, ऐंशीच्या वर गेलं की हँडल थरथरतं." मला खंबाटकी उतरल्यानंतरचा तो सरळ पट्टा आठवला. मागे बायको, कॅरियरवर बॅगा, आणि नव्वदच्या आसपास अख्खी गाडी मागून डुलायला लागली. अशा वेळी ब्रेक दाबावासा वाटतो, तोच दाबायचा नाही. थ्रॉटल हळूहळू सोडला, गुडघ्यांनी टाकी धरली, हात सैल ठेवले. गाडी शांत झाली.

गॅरेजमध्ये कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) बदलला, फरक शून्य. शेवटी दुसऱ्या मिस्त्रीने मागचं चाक काढून स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, आडवा हलवून दाखवला. त्याच्या सांध्यातलं बुश झिजून संपलेलं. म्हणून कळकळीने सांगतो, पुढून थरथरते की मागून डुलते ते आधी ठरवा, मग पाना उचला. लिहा, पुतण्याला वाचायला देणार आहे.

सातारकर
बॅगा कॅरियरवर होत्या ना? मग बुशबरोबर त्यांचाही हात आहे. मागच्या एक्सलच्याही मागे आणि उंचावर वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं. जड सामान टँकबॅगेत किंवा दोन्ही बाजूंना, जमेल तितकं खाली. वहिनी घाबरल्या असतील हो.

बेळगाव रोड
माझं उलट. साठ-सत्तरला वेग उतरताना हात सैल सोडले की हँडल फडफडायचं, घट्ट धरलं की गप्प. मेनस्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. बरोबर मध्यावर खाचेत बसल्यासारखं अडकलं तर बॉलरेस, म्हणजे कोनसेटमधली गोळ्यांची वाटी, गेली. नवा सेट टाकल्यावर फार आवळू देऊ नका, गाडी नागमोडी जाते.

भात लावून आलेली
कुकरच्या दोन शिट्ट्या होईपर्यंत लिहिते 😀 स्कूटरचा टायर बदलला आणि त्याच दिवसापासून थरथर. टायरच्या कडेला बारीक रेघ असते, ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हवी. माझी एका जागी आत गेली होती, टायर बसलाच नव्हता. हवा सोडून, साबणपाणी लावून पुन्हा बसवला. बास.

नाशिककर
+१. आणि चेन ताणून आणल्यावर सुरू झालं असेल तर मागचं चाक तिरकं बसलंय. स्विंगआर्मवरच्या खुणांवर पूर्ण विसंबू नका, दोरा लावून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का बघा.

म्युनिकवासी
इकडे ऑटोबानवर हा विषय रोजचा. इंजिनिअर दोन वेगळी नावं देतात. मागून येणारं डुलणं म्हणजे वीव्ह, सेकंदाला साधारण २ ते ४ हेलकावे. हँडलची थरथर म्हणजे वॉबल, साधारण ४ ते १०. स्टिअरिंग डॅम्परने (हँडलचे झटके शोषणारा दट्ट्या) वॉबल दबतो, पण जास्त वेगात वीव्ह उलट वाढू शकतो. त्यामुळे मूळ पोस्टमधलं "आधी ठरवा" शंभर टक्के पटलं. टॉपबॉक्स आणि उंच काच काढून एकदा चालवून बघा, बरंच कळतं.

सातारकर
म्युनिकला थंडीत चालवता का हो? आमच्याकडे पवनचक्क्यांच्या पठारावर वारा आडवा लागला की चांगली गाडीही लेन सोडते. तो दोष गाडीचा नव्हे.

म्युनिकवासी
नोव्हेंबर ते मार्च गाडी गॅरेजात. जीव तुटतो.

मूळ लेखक
पुतण्याचा मेसेज आला, पुढच्या टायरवर १४१६ लिहिलंय. म्हणजे २०१६ चा चौदावा आठवडा! आधी टायर, मग बाकीचं. स्पोक आणि व्हील बेअरिंगही बघायला सांगितलंय. हवा गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे, थंड टायरमध्ये.

बेळगाव रोड
काका, नवा टायर बसवल्यावर पहिले शंभरेक किलोमीटर जपून म्हणावं, रबर गुळगुळीत असतं.

भात लावून आलेली
दोरा कुठला घ्यायचा? पतंगाचा चालेल?

नाशिककर
मांजा नको, हात कापेल. गवंडी विटा लावताना ताणतात ती नायलॉनची दोरी घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळते.