तंबूत नावं शिवायची आहेत: शीर्षक, शिवण आणि कायदा

सुईदोरा: ब्रिटिश कलावंत ट्रेसी एमिनचा १९९५चा ‘एव्हरीवन आय हॅव एव्हर स्लेप्ट विथ १९६३–१९९५’ हा तंबू समोर ठेवून एक कापडी मांडणी करायची आहे. दोन माणसांचा घुमटाकार नायलॉन तंबू, आत कापडात कापलेली मराठी नावं. शीर्षक मराठीत कसं घ्यावं? देवनागरी अक्षरं नायलॉनवर बसतात का? आणि अश्लीलतेच्या तक्रारीची भीती कितपत खरी?

ओटीभरण: ‘शय्यासोबत’, ‘संबंध’ असले शब्द अजिबात नकोत, सगळी गंमत मरते. एमिनच्या तंबूत १०२ नावं होती. १९६३ हे तिचं जन्मवर्ष, म्हणजे यादी जुळ्या भावापासूनच सुरू होते. शिवाय लहानपणी जिच्या कुशीत झोपली ती आजी आणि गर्भपात झालेले दोन गर्भही त्यात. प्रेक्षक शीर्षक वाचून प्रियकरांची यादी गृहीत धरतो, गुडघे टेकून आत शिरतो आणि तिथे आजी भेटते. मराठीत हा खेळ आयता जमतो, फक्त शब्दयोगी सांभाळा. ‘ज्यांच्याजवळ झोपले’ म्हटलं की नुसतं बालपण उरतं. ‘ज्यांच्याबरोबर झोपले’ यात दोन्ही अर्थ राहतात. आणि बाहेर नावांचा फलक लावू नका, मग आत वाकून कोण जाणार?

उरेब पट्टी: तंबूच्या शिवणी उसवून भाग वेगळे करा, सपाट पसरूनच शिवा. उभ्या तंबूत मशीन जात नाही. टाचण्या नकोत, नायलॉनला पडलेलं भोक बुजत नाही. अक्षर चिकटपट्टीने धरा. पेस्टिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) फक्त अक्षराच्या सुती कापडाला, ते तंबूबाहेरच. गरम इस्त्री नायलॉनवर टेकली की संपलं. ११ नंबरची सुई, टाका ३ मिमीच्या आसपास. दाट झिगझॅग मारलात तर नायलॉन पोस्टाच्या तिकिटासारखं टरकतं.

देवनागरीची खरी अडचण शिरोरेखेची. सरळ कापलेली लांब पट्टी घुमटाच्या गोलाईवर चुण्या पाडते. ती उरेब, म्हणजे कापडाच्या तिरक्या रेषेत कापा, शब्द संपला की तोडा. अक्षर ६-७ सेंमीपेक्षा लहान नको, ओळींत दीडपट अंतर, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात. अनुस्वार कापडाचा केलात तर माणसं आत-बाहेर करताना घासून पडतो आणि ‘वसंत’चा ‘वसत’ होतो. तो हातानेच भरा.

कलम २९४: भीती अगदीच खोटी नाही. १९५४ साली जहांगीर आर्ट गॅलरीतल्या ‘लव्हर्स’ चित्रांवरून चित्रकार अकबर पदमसींवर खटला झाला होता. ते निर्दोष सुटले. अश्लीलतेबद्दलच्या भारतीय दंड संहितेतल्या जुन्या कलम २९२च्या जागी १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ आहे, त्यात कलेसाठीचा अपवाद कायम आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या अवीक सरकार निकालापासून एखादा तुकडा सुटा न काढता पूर्ण काम आणि आजच्या समाजाचे निकष पाहिले जातात. ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कस्टम्सने अश्लील म्हणून अडवलेली चित्रकार एफ. एन. सूझा आणि पदमसी यांची सात चित्रं सोडायला लावली.

तुमच्या कामात मात्र नग्नतेपेक्षा नावं जास्त गोत्यात आणतील. हयात माणसाचं पूर्ण नाव शिवलंत तर बदनामीचं कलम ३५६ दारात उभं. नुसतं पहिलं नाव किंवा घरातलं लाडाचं नाव घ्या. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं कलम ७२खाली गुन्हा आहे. सज्ञान पीडितेची स्वतःची लेखी परवानगी असेल तर चालतं, ती फाइलला ठेवा.

सुईदोरा: कळलं. आत उजेडाला साधा बल्ब चालेल?

उरेब पट्टी: मुळीच नको. नायलॉन वितळतं. बॅटरीवरचे एलईडी, तेही कापडापासून दूर. आणि उभा करण्याआधी प्रत्येक भागाचे सपाट फोटो काढा, फूटपट्टी शेजारी ठेवून. एमिनचा तंबू २४ मे २००४ला लंडनच्या लेटनमधल्या गोदामाच्या आगीत गेला, तिने तो पुन्हा शिवला नाही. आता जे काही आहे ते फोटोंतच.