प्रतिसाद: थिअरीचा पेपर खरंच बिनकामाचा?

'अकाउंटिंग थिअरी म्हणजे नुसती घोकंपट्टी, नोकरीत त्याचा काडीचा उपयोग नाही' हे वरचं मत अर्धंच पटलं. शिकवतात रटाळ, हे मान्य. व्याख्या उतरवून घ्या आणि परीक्षेत ओका. पण विषयच बिनकामाचा?

भाडेकराराचं घ्या. 5 वर्षांचा करार, दरवर्षाअखेर 100 भाडं, व्याजदर 10 टक्के. पूर्वी बहुतेक कंपन्या असं भाडं नुसतं खर्चात टाकायच्या, ताळेबंदात काहीच दिसायचं नाही. 1 जानेवारी 2019 पासून लागू झालेल्या आयएफआरएस 16 या आंतरराष्ट्रीय हिशेब मानकानुसार आता साधारण 379 चं (पाचही भाड्यांची आजची किंमत) देणं आणि तेवढीच मालमत्ता दाखवावी लागते. पहिल्या वर्षी घसारा 76 (379 चा पाचवा भाग) आणि व्याज 38 (379 वर 10 टक्के), म्हणजे खर्च 114. खिशातून गेले मात्र 100च! नोंद सॉफ्टवेअर करून देईल. पण 'देणं' नेमकं कशाला म्हणायचं, हा वाद थिअरीतलाच, आणि क्लायंट भांडतो तोही त्यावरच.

रिसर्चचं म्हणाल तर बॉल आणि ब्राउन या अकाउंटिंगच्या संशोधकांचा 1968 चा पेपर जरूर वाचा. वार्षिक नफ्याच्या आकड्यातली बरीचशी माहिती तो जाहीर होण्याआधीच शेअरच्या भावात उतरलेली असते, असं त्यांना आढळलं. म्हणजे आकडा उपयोगाचा, फक्त बाजाराला तो उशिरा मिळतो. नंतरच्या पेपरांतल्या संख्याशास्त्राला घाबरू नका. आधी प्रश्न आणि निष्कर्ष वाचा, रिग्रेशनची (आकड्यांमधला संबंध मोजणारी) कोष्टकं नंतर. (काही पेपरांत कोष्टकांपलीकडे फारसं काही नसतंच, ते सोडा.)