रेवडी, खिरापत, ओवाळणी: मथळ्यांतला लोकानुनय

(बातम्यांच्या मथळ्यांतल्या शब्दांवर चौघांची चर्चा; बोलणाऱ्याची ओळख त्याच्या गावानं.)

जळगाव: सरकारी योजनेची बातमी आली की मथळ्यात कधी ‘रेवडी’, कधी ‘खिरापत’, कधी ‘ओवाळणी’. एकाच्या जागी दुसरा शब्द चालेल का?

भुसावळ: नाही ताई. रेवडी म्हणजे पाकाची, तिळात घोळवलेली छोटी वडी. हिंदी म्हण आहे, ‘अंधा बाँटे रेवड़ी, फिर फिर अपनों को दे’. तिचा रोख वशिल्यावर आहे: वाटणारा फिरून फिरून आपल्याच माणसांना देतो. १६ जुलै २०२२ ला बुंदेलखंड द्रुतगती मार्गाच्या उद्घाटनात पंतप्रधानांनी ‘रेवडी कल्चर’वर टीका केली, तेव्हापासून मराठी मथळ्यांत हा शब्द फुकट वाटपासाठी रुळला. म्हणजे रोख वशिल्यावरून सरसकट उधळपट्टीवर गेला. त्यासाठी मराठीत ‘खिरापत’ होतीच. आरतीनंतर ती पुढे येईल त्या हातावर ठेवतात, पात्रता कोणी विचारत नाही. म्हणूनच निकष लावलेल्या योजनेला खिरापत म्हणणं चूक.

धुळे: भाऊंचं पटतं, पण मला ‘ओवाळणी’ जास्त खटकते. लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते, मिळून ३,००० रुपये, ऑगस्ट २०२४ मध्ये राखीपौर्णिमेच्या तोंडावर खात्यात आले आणि हा शब्द सहज खपला. ओवाळणी भाऊ स्वतःच्या खिशातून घालतो. इथे पैसा अर्थसंकल्पातला, त्यात बहिणीनं तेल-साबणावर भरलेला करही आला. हप्ता थांबला तर तक्रार करता येते. ओवाळणी नाही मिळाली तर फक्त रुसता येतं.

नंदुरबार: ‘सवलतींचा पाऊस’ही टाळावा. पाऊस कोणी पाडत नाही, त्यामुळे निर्णय घेणारा वाक्यातून गायब होतो. ‘लाट’चंही तेच. २०१४ च्या निवडणुकीत तो शब्द इतका वापरला की प्रचार, पैसा, उमेदवार यांचा हिशेब मागेच राहिला. त्यापेक्षा ‘तिजोरीचे दरवाजे उघडले’ बरं. हातनूर धरणाचे दरवाजे उघडतात तेव्हा निर्णय कोणीतरी घेतलेला असतो, किती क्युसेक पाणी सोडलं तेही छापून येतं. तसंच लाडकी बहीण योजनेबद्दल छापा: महिना १,५०० रुपये, वय २१ ते ६५, कौटुंबिक उत्पन्न वर्षाला अडीच लाखांपर्यंत. मथळ्यात जागा नसेल तर पहिल्या परिच्छेदात तरी.

जळगाव: आणि ‘गाजर’?

भुसावळ: ते फक्त दाखवतात, देत नाहीत. जाहीरनाम्यातल्या आश्वासनाला चालेल. पैसे खात्यात पडल्यावर त्याच योजनेला गाजर लिहू नये.