मदत हवी आहे – मालवणहून परत येताना बॅग हरवली, तक्रार कुठे करू?

नमस्कार मंडळी, रविवारी मालवणहून ठाण्याला येत होतो, मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. प्रायव्हेट स्लीपर बस, संध्याकाळी सहाला निघाली आणि रात्री एकच्या सुमारास खेडजवळ भरणे नाक्याच्या अलीकडे बंद पडली. ड्रायव्हर म्हणाला अर्ध्या तासात होईल, पण अडीच तास पोरं डास मारत रस्त्याच्या कडेला आणि सासूबाईंना तर बसायलाही जागा नाही, मग दुसरी बस आली, अंधारात घाईघाईत सामान हलवलं आणि ठाण्यात उतरल्यावर डिकीत आमची एक निळी बॅग नाहीच!

कपडे, काजू, कोकम गेलं तर गेलं, पण त्यात सासूबाईंची अँजिओग्राफीची फाईल आणि सीडी आहे हो, पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे दाखवायचीय.

बसवाले म्हणतात सामानाची जबाबदारी प्रवाशाची, तिकिटावर लिहिलंय. पण बस त्यांनी बदलली, सामान त्यांच्या माणसांनी हलवलं, मग जबाबदारी आमची कशी?

पोलीस तक्रार खेडलाच जाऊन द्यावी लागते का इथे ठाण्यात घेतील? झिरो एफआयआर (म्हणजे घटना कुठेही घडलेली असली तरी कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते तो) फक्त मोठ्या गुन्ह्यांना असतो का? १९१५ ग्राहक हेल्पलाईनवर कोणी बसची तक्रार केलीय का, उपयोग झाला का? आणि हॉस्पिटलमधून जुन्या सीडीची कॉपी मिळते का? हे आधी सांगा प्लीज, झोप लागत नाहीये.