परिसरासह काढलेले व्यक्तिचित्र स्वभाव दाखवते की केवळ व्यवसाय?

तिपाई (धागाकर्ता)

एखाद्या माणसाचे त्याच्या कामाच्या किंवा राहण्याच्या जागेत काढलेले छायाचित्र, म्हणजे ज्याला आपण एन्व्हायर्नमेंटल पोर्ट्रेट म्हणतो ते, पाहताना 'आजूबाजूच्या वस्तूंतून या व्यक्तीचा स्वभाव उलगडतो' हे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारले जाते की ते खरे आहे का, हे तपासण्याची गरज कोणालाच भासत नाही. माझे मत असे आहे की अशी बहुतेक चित्रे व्यवसाय दाखवतात, आर्थिक स्थिती दाखवतात आणि फार तर आवडनिवड दाखवतात. कुंभार चाकापाशी, वैज्ञानिक फळ्यासमोर, लेखक पुस्तकांच्या कपाटापुढे बसवला की तो काय करतो ते कळते. पण तो चिडका आहे की सोशीक, दिलदार आहे की हिशेबी, हे कपाटावरून कसे कळावे?

या प्रकाराचे सर्वश्रेष्ठ उदाहरण म्हणून ज्याचा दाखला नेहमी दिला जातो, ते अर्नोल्ड न्यूमन यांनी १९४६ मध्ये काढलेले संगीतकार इगोर स्ट्राविन्स्की यांचे चित्र घ्या. ग्रँड पियानोच्या उघडलेल्या झाकणाचा काळाभोर आकार जवळजवळ सगळी चौकट व्यापतो आणि स्ट्राविन्स्की खाली डाव्या कोपऱ्यात, हातावर डोके टेकून बसलेले दिसतात. चित्र थोर आहे याबद्दल वाद नाही. मात्र ती खोली स्ट्राविन्स्कींची नव्हती. न्यूयॉर्कमधल्या एका संपादकाच्या घरी हे चित्रण झाले होते. म्हणजे ज्याला आपण त्यांचा परिसर समजतो, ते छायाचित्रकाराने निवडलेले नेपथ्य आहे.

याउलट छायाचित्रकार रिचर्ड ॲव्हेडन यांनी १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या माणसांना कोऱ्या पांढऱ्या पडद्यापुढे उभे केले. खाण नाही, तेलविहीर नाही, रस्ताही नाही. पण चेहऱ्यावरची काजळी, कपड्यांवरचे तेलाचे डाग आणि खांद्यांचा उतार पाहिल्यावर पार्श्वभूमीची उणीव जाणवत नाही. परिसर काढून टाकला तरी तो माणसाच्या अंगावर शिल्लक राहतो, आणि जो अंगावर उरत नाही तो बहुधा दिखाऊच असतो, असे मला वाटते.

ओसरी

मी पूर्णपणे असहमत आहे, आणि माझा पहिला आक्षेप चेहऱ्यावर टाकलेल्या विश्वासाला आहे. कॅमेऱ्यासमोर सर्वांत आधी सावध होतो तो चेहराच. हसू किती ठेवायचे, मान कोणत्या बाजूला वळवायची, हे आज लहान मुलांनाही ठाऊक असते. ज्या टेबलावर माणूस वीस वर्षे बसला आहे त्या टेबलाला मात्र अशी तयारी एका तासात करता येत नाही. कुठली वस्तू हाताशी आहे, कुठली अडगळीत पडली आहे, कोणते मोडके अवजार टाकून न देता दोऱ्याने बांधून वापरले जात आहे, या गोष्टी स्वभावाबद्दल बोलतात. अट एवढीच की छायाचित्रकाराने आल्या आल्या पसारा आवरायला सांगता कामा नये.

ॲव्हेडन यांच्या पांढऱ्या पडद्याला आपण निर्मळ समजत असाल, तर उघड्या अंगावर मधमाश्या बसलेल्या माणसाचे १९८१ चे त्यांचेच चित्र आठवावे. त्या माणसाच्या त्वचेवर राणीमाशीचे गंधद्रव्य लावून माश्या बोलावल्या होत्या. पियानोला आपण नेपथ्य म्हणणार असाल, तर या माश्यांनाही तोच शब्द लावावा लागेल.

आता दुसरे उदाहरण. मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६ मध्ये काढलेले गांधीजींचे चरख्यासह चित्र सर्वांनी पाहिलेले आहे. त्याचे वर्णन करताना 'गांधीजी सूत कातताना' असे अनेकदा म्हटले जाते. वास्तविक त्यात ते कातत नाहीत. चरखा पुढे आहे, मोठा आणि गडद. गांधीजी त्याच्या मागे, खिडकीतून येणाऱ्या उजेडात खाली मान घालून कागद वाचत आहेत. काम बाजूला ठेवलेले आहे, पण आवाक्याबाहेर गेलेले नाही. त्या जागी नुसता चेहरा काढला असता तर एक वृद्ध वाचक दिसला असता. चरखा आणि तो माणूस यांच्यात जे अंतर राखले आहे, त्यातून साधेपणा, शिस्त आणि एकाग्रता दिसते. चित्र काढू देण्याआधी बर्क-व्हाइट यांना स्वतः सूत कातायला शिकण्यास सांगितले होते, हेही येथे नोंदवण्यासारखे आहे. समोरची वस्तू काय मागते, हे ज्याला थोडेतरी कळले आहे तोच ती चौकटीत नेमकी कुठे ठेवायची हे ठरवू शकतो.

तिपाई

मधमाश्यांचा मुद्दा मान्य. गांधीजींच्या चित्राबाबत मात्र आपण जे पाहता, त्यातले निम्मे आपल्याला आधीपासून माहीत आहे. ज्याने गांधीजींचे नावही ऐकलेले नाही अशा माणसाला त्या चित्रात एक लाकडी यंत्र आणि एक कृश वाचक दिसेल. साधेपणा कदाचित दिसेल. शिस्त आणि निष्ठा आपण बाहेरून आणून त्यात घालतो. प्रसिद्ध माणसांची चित्रे या वादात पुरावा म्हणून कच्ची पडतात ती याचमुळे.

मापपट्टी

या प्रश्नाची एक बाजू मोजून पाहिली गेली आहे, म्हणून लिहितो. मानसशास्त्रज्ञ सॅम गॉसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निरीक्षकांना अनोळखी लोकांची कार्यालये आणि झोपण्याच्या खोल्या दाखवल्या आणि त्या माणसांना न भेटता त्यांच्या स्वभावाबद्दल अंदाज करायला सांगितले. नव्या अनुभवांविषयीचा मोकळेपणा खोलीवरून चांगल्यापैकी ओळखता येतो, असे आढळले. काटेकोरपणाचा अंदाजही, विशेषतः झोपण्याच्या खोलीवरून, बऱ्यापैकी लागला. माणूस मनमिळाऊ आहे का, या बाबतीत मात्र खोलीचा फारसा उपयोग झाला नाही.

त्यामुळे 'परिसर काहीच सांगत नाही' आणि 'परिसर सगळे सांगतो' ही दोन्ही टोके सोडावी लागतील. शिवाय असे अंदाज काही अंशी ठोकळेबाज समजुतींवर चालतात, असेही त्या अभ्यासात दिसले. खोली बाईची आहे की पुरुषाची, हे ओळखल्याबरोबर निरीक्षक त्या ओळखीच्या आधारे पुढचे अंदाज बांधू लागतात. छायाचित्र पाहणारा प्रेक्षक याहून वेगळे वागत असेल असे मानायला मला कारण दिसत नाही.

ओसरी

अभ्यासाबद्दल आभार, पण त्या खोल्यांत माणूस नव्हता, आणि व्यक्तिचित्रात तो असतो. हा फरक लहान नाही. टेबलावरच्या ढिगाऱ्यासमोर कोणी संकोचून बसला आहे की ऐटीत रेलून बसला आहे, यावर त्या ढिगाऱ्याचा अर्थ पूर्ण बदलतो. आपण म्हणता तो मनमिळाऊपणा दिसायचा असेल तर तो याच ठिकाणी दिसेल.

उंबरठा

आतापर्यंतची सगळी चर्चा एक गोष्ट गृहीत धरून चालली आहे, ती म्हणजे माणूस आपला परिसर स्वतः निवडतो. लेखकाचे कपाट लेखकाचे असते हे खरे. पण दुसऱ्याच्या इमारतीत फरशी पुसणाऱ्या बाईच्या मागे जी भिंत दिसते, ती तिने रंगवलेली नसते, तिथले फर्निचर तिचे नसते आणि तिच्या हातातली झाडूसुद्धा मालकाने दिलेली असते. अशा चित्रातून तिचा 'स्वभाव' वाचणे म्हणजे तिच्यावर लादलेली परिस्थिती तिच्या नावावर जमा करणे होय. जगातल्या बहुसंख्य कामगारांना हे लागू पडते, म्हणून हा अपवाद म्हणून बाजूला ठेवता येणार नाही.

गॉर्डन पार्क्स यांनी १९४२ मध्ये वॉशिंग्टन येथे सरकारी इमारतीत सफाईचे काम करणाऱ्या एला वॉटसन यांचे जे चित्र काढले, ते मला या संदर्भात फार महत्त्वाचे वाटते. भिंतीवर टांगलेला अमेरिकेचा राष्ट्रध्वज, त्यापुढे त्या ताठ उभ्या, एका बाजूला झाडू आणि दुसऱ्या बाजूला फरशी पुसण्याचा मॉप. हे चित्र कार्यालयाचा आणि त्या देशाचा स्वभाव दाखवते, आणि त्याच्याशी एका कृष्णवर्णीय स्त्रीचे नाते काय आहे ते दाखवते. पार्क्स तिथेच थांबले नाहीत. त्यानंतर त्यांनी वॉटसन यांच्या घरात, कुटुंबात आणि चर्चमध्ये जाऊन अनेक चित्रे काढली. ध्वजापुढे उभी असलेली बाई आणि आपल्या घरात नातवंडांसह बसलेली बाई शेजारी शेजारी ठेवून पाहिली, म्हणजे एका चौकटीतल्या परिसराला किती मर्यादा असते हे लक्षात येते. तेव्हा माझा विरोध दोघांनाही आहे: तिपाई यांना, कारण परिसर काढून टाकला तर अन्यायाचा पुरावाही जातो, आणि ओसरी यांना, कारण 'टेबल खोटे बोलत नाही' हे टेबल स्वतःचे असलेल्यांपुरतेच खरे आहे.

काळे कापड

मी अशी चित्रे काढून पोट भरतो, त्यामुळे वादाचा जमिनीवरचा भाग मांडतो. माझ्या मते परिसर बोलतो की नाही हे बऱ्याच अंशी लेन्स, ॲपर्चर (लेन्समधून उजेड आत सोडणारे छिद्र) आणि उजेड या तीन निर्णयांवर ठरते, आणि आज हे तिन्ही निर्णय बहुतेक वेळा सवयीने घेतले जातात.

एफ १.४ वर, म्हणजे ॲपर्चर खूप मोठे उघडून, चित्र काढायचे, मागचे सगळे लोण्यासारखे वितळवायचे आणि नंतर त्याला परिसरासह काढलेले व्यक्तिचित्र म्हणायचे, हा प्रकार मला समजत नाही. मागची वस्तू वाचता येत नसेल तर ती तिथे असून उपयोग काय? फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ३५ मिमी लेन्स आणि एफ ५.६ ते एफ ८ (म्हणजे लहान ॲपर्चर) ही माझी नेहमीची सुरुवात असते. एवढ्यात माणूस स्पष्टपणे पुढे राहतो आणि मागच्या गोष्टी थोड्या मऊ पण ओळखण्याजोग्या उरतात. खोली लहान असेल तर आणखी रुंद दृश्य टिपणाऱ्या २४ मिमी लेन्सचा मोह होतो. पण मग माणसाला चौकटीच्या कडेला नेता येत नाही, कारण कडेचे डोके आणि हात ताणलेले दिसतात आणि पाहणाऱ्याला त्या ताणातच काहीतरी स्वभाव दिसू लागतो. कॅमेरा छातीच्या उंचीवर आणि सरळ ठेवला तर कपाटांच्या उभ्या रेषा कोसळत नाहीत. या बारीकसारीक बाबी वाटतील. तिरकी कपाटे दिसली की गबाळेपणाचा आरोप मात्र फुकट त्या माणसावर येतो.

उजेडाबाबत सांगायचे तर शटरच्या वेगाने मी खोलीतला मूळ उजेड किती राहील हे ठरवतो, आणि फ्लॅशची शक्ती माणसावर किती उजेड पडेल हे ठरवते. फ्लॅश वरचढ झाला की खोली काळोखी होते आणि तो माणूस तिथे नंतर चिकटवल्यासारखा दिसतो. घरगुती पिवळसर दिवा साधारण २७०० ते ३००० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचे माप) असतो आणि फ्लॅश ५५०० च्या आसपास. फ्लॅशवर नारिंगी फिल्टर लावला नाही तर माणूस एका जगात आणि त्याची खोली दुसऱ्या जगात, असे चित्र तयार होते.

शेवटचा आणि सर्वांत महागडा घटक वेळ आहे. पहिला बराच वेळ मी कॅमेरा पिशवीतच ठेवतो आणि त्यांना त्यांचे काम करू देतो. बोलता बोलता हात कोणत्या वस्तूकडे जातो, ते बघतो. ती वस्तू चौकटीत हवी; भिंतीवरची मानपत्रे नसली तरी चालते.

तिपाई

आपले तंत्र मान्य करूनही मूळ शंका तशीच राहते, उलट ती अधिक गडद होते. उजेड आणि कॅमेऱ्याची जागा एवढे घडवू शकत असतील, तर दिसतो तो स्वभाव कोणाचा? न्यूमन यांनीच १९६३ मध्ये जर्मन उद्योगपती आल्फ्रीड क्रुप यांचे चित्र त्यांच्या एसेन येथील कारखान्यात काढले. युद्धकाळात क्रुप यांच्या कारखान्यांत गुलाम कामगार राबवले गेले होते, १९४८ मध्ये ते दोषी ठरले होते आणि १९५१ मध्ये सुटून आले होते. न्यूमन स्वतः ज्यू होते. त्यांनी दोन्ही बाजूंनी खालून उजेड टाकला, क्रुप यांना हनुवटी हातांवर टेकून पुढे झुकायला सांगितले, आणि हिरवट छटेत एक सैतानी चेहरा तयार झाला. मागे कारखाना आहे, तो खराखुरा त्यांचाच आहे. तरी त्या चित्रातला निवाडा कारखाना देत नाही, दिवे देतात. असेच दिवे एखाद्या निरपराध व्यवस्थापकावर टाकले असते तर तोही सैतान दिसला असता.

उंबरठा

दिसला असता, हे खरे. पण त्या निवाड्याला इतिहासाचा आधार होता, आणि न्यूमन यांनी आपली बाजू लपवली नाही. मला याहून अधिक खटकतात ती मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांची सौम्य, खिडकीच्या उजेडातली चित्रे, ज्यांत टेबलावर मुद्दाम मुलांचा फोटो आणि एखादे रोपटे ठेवलेले असते. तिथेही परिसराच्या आधारे निवाडाच दिलेला असतो, फक्त तो त्या माणसाच्या जनसंपर्क विभागाने लिहून दिलेला असतो.

काळे कापड

या बाबतीत मी एक पद्धत पाळतो. निवडलेली चित्रे मी त्या माणसाला दाखवतो आणि कोणती वस्तू चित्रात असणे त्याला अन्यायकारक वाटते, हे विचारतो. दुसऱ्याच्या मालकीच्या जागेत काम करणाऱ्यांच्या बाबतीत तर हे आवर्जून करतो, आणि शक्य असेल तर चित्रासाठी जागा कोणती घ्यायची हेही त्यांनाच ठरवू देतो. उंबरठा यांच्या आक्षेपाला माझ्यापाशी यापेक्षा चांगले उत्तर नाही.

ओसरी

जागा त्यांना ठरवू द्यावी, हे मला पटते. वस्तू गाळू देणे मात्र पटत नाही. ज्याला अधिकार आणि पैसा आहे तो गैरसोयीचे सगळे गाळून घेईल. ज्याला तो नाही तो भिडेपोटी 'सगळे ठीक आहे' म्हणेल. काय गाळायचे, याची जबाबदारी छायाचित्रकाराने स्वतःकडेच ठेवावी आणि चित्राखाली जागा कोणाची आहे, ती कोणी निवडली, हे दोन ओळींत लिहावे.

तिपाई

चित्राखाली दोन ओळी लिहाव्या लागत असतील, तर परिसर स्वतः बोलतो या दाव्याचे काय उरले, हा माझा प्रश्न कायम आहे. मात्र लेन्स आणि ॲपर्चरविषयीच्या सूचना मी माझ्या पुढच्या चित्रणात वापरणार आहे. एकाच माणसाचे एक चित्र कोऱ्या भिंतीपुढे आणि दुसरे त्याच्या खोलीत काढून, त्याला न ओळखणाऱ्यांना दोन्ही दाखवावीत आणि त्यांचे अंदाज लिहून घ्यावेत, असे मी ठरवले आहे. मापपट्टी यांनी प्रश्नावली तयार करण्यास मदत करावी, अशी विनंती आहे.

मापपट्टी

जरूर. फक्त एक अट आहे: दोन्ही चित्रे एकाच निरीक्षकाला दाखवू नयेत, अन्यथा पहिल्या चित्राचा अंदाज दुसऱ्यात मिसळेल. आणि त्या माणसाला जवळून ओळखणाऱ्या काही जणांची मते आधीच स्वतंत्रपणे नोंदवून ठेवावी लागतील, कारण अंदाज कशाशी ताडून पाहायचे हे ठरलेले नसेल तर या प्रयोगातून काहीच सिद्ध होणार नाही.