मदत हवी आहे: छपाई बंद झालेली बॉक्सिंगवरची कादंबरी परवडेल अशा किमतीत कशी मिळवावी?

तिसरी_घंटा (धागाकर्ता)

मंडळी, जुनी पुस्तकं शोधण्यात मुरलेल्यांचा सल्ला हवाय.

१९५०च्या दशकात अमेरिकेत निघालेली एक इंग्रजी कादंबरी आहे, बॉक्सिंगवर. नायक नेहमीचाच, उतरणीला लागलेला बॉक्सर. पण मला ती वाचायचीय त्याच्या कोपऱ्यातल्या माणसासाठी. दोन फेऱ्यांमध्ये जो एक मिनिट मिळतो त्यात भुवईवरची चीर दाबून धरायची, रक्त थांबवणाऱ्या ॲड्रेनलिनमध्ये बुडवलेला बोळा आत फिरवायचा, वरून व्हॅसलिन थापायचं आणि घंटा व्हायच्या आत दोरांबाहेर पडायचं, एवढंच ज्याचं काम, त्या माणसाने निम्मी कादंबरी व्यापलीय असं एका जाणकाराकडून कळलं. तेव्हापासून पिच्छा पुरवतोय. नाव मुद्दाम देत नाही. बाजारात मोजक्याच प्रती दिसतात, उगाच गर्दी नको.

अडचण किमतीची आहे. जिथे दिसते तिथे नव्याकोऱ्या कादंबरीच्या दहापट, पंधरापट आकडा. एका ठिकाणी तर वाटलं, दशांशचिन्ह द्यायचं राहिलं असावं. फोटो नाही, आणि वर्णन काय, तर 'वापरलेलं पुस्तक, किरकोळ खुणा असू शकतात'. मला संग्रह करायचा नाही. पहिली आवृत्ती नको, लेखकाची सही नको, कव्हर फाटकं असलं तरी चालेल. सगळी पानं जागेवर असली की झालं.

तर या किमती खऱ्या असतात का? त्या काळी आयएसबीएन (प्रत्येक पुस्तकाचा ओळख क्रमांक) नव्हता, मग शोध नेमका लावायचा कसा? आणि दम धरला तर पुनर्मुद्रणाची आशा कितपत बाळगावी? चोरट्या पीडीएफच्या लिंका कृपया देऊ नका.

जुनापुराणा

नाव दिलं नाहीत ते बरंच केलंत. इंटरनेटच्या आधी अमेरिकेत जुन्या पुस्तकांचे विक्रेते 'एबी बुकमन्स वीकली' नावाच्या साप्ताहिकात 'अमुक पुस्तक हवंय' अशा जाहिराती देत. एकाच गिऱ्हाइकाने चार दुकानांत सांगून ठेवलं की चार जाहिराती लागायच्या, आणि या पुस्तकाला अचानक मागणी आली असं समजून भाव चढायचा. साप्ताहिक १९९९ मध्ये बंद पडलं, पण माणसं तीच आहेत. एका वेळी एकाच विक्रेत्याला विचारा.

किमतींबद्दल. तुम्ही बघताय ती मागितलेली किंमत आहे. त्या किमतीला कोणी घेतलंय असा त्याचा अर्थ नाही. ईबेवर फक्त विकल्या गेलेल्या वस्तू दाखवण्याची सोय आहे, तिथे प्रत्यक्ष काय मोजलं गेलं ते दिसतं. तो आकडा धरून चाला, बाकीचे सोडून द्या. फोटो नसलेल्या, सगळ्या पुस्तकांना सारखंच वर्णन चिकटवलेल्या नोंदी बऱ्याचदा अशा लोकांच्या असतात ज्यांच्याकडे पुस्तकच नसतं. तुम्ही पैसे भरलेत की ते दुसऱ्याकडची स्वस्त प्रत उचलून तुम्हाला पाठवणार. आकडा ठरवतं सॉफ्टवेअर. २०११ साली ॲमेझॉनवर माशीच्या जडणघडणीवरचं जीवशास्त्राचं एक पुस्तक दोन कोटी छत्तीस लाख डॉलरच्या वर गेलं होतं. एका विक्रेत्याचा प्रोग्राम दुसऱ्यापेक्षा किंचित कमी किंमत लावायचा, दुसऱ्याचा प्रोग्राम पहिल्याच्या सव्वापटीहून थोडी जास्त. दोघे एकमेकांना बघून चढत राहिले आणि बरेच दिवस कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आता शोधायचं कसं. क्रीडा कादंबरी नेहमी चुकीच्या कप्प्यात पडते, आणि स्वस्त प्रत तिथेच मिळते. विक्रेता कव्हरवर ग्लोव्ह्ज बघतो आणि पुस्तक 'खेळ'मध्ये टाकतो, मुष्टियोद्ध्यांच्या चरित्रांशेजारी. दुसरा ते 'किशोर वाङ्मया'त टाकतो, कारण त्या काळात खेळाची कादंबरी म्हणजे पोरांसाठी असाच समज होता. 'कादंबरी' या विभागात शोधणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. म्हणून विभाग निवडूच नका. लेखकाचं फक्त आडनाव आणि शीर्षकातला एखादा ठळक शब्द घाला. नंतर आडनावाचं स्पेलिंग मुद्दाम चुकवून परत शोधा. हाताने टाइप केलेल्या नोंदीत स्पेलिंगची वाट लागलेली असते आणि अशा प्रती महिनोन्‌महिने पडून राहतात.

आयएसबीएन नाही याचं फार वाईट वाटून घेऊ नका. तो आंतरराष्ट्रीय मानक झाला १९७० मध्ये, त्यामुळे तुमच्या कादंबरीच्या मूळ आवृत्तीला नसणारच. पण नोंदीत आयएसबीएन दिसलाच तर ती नंतरची आवृत्ती किंवा चक्क दुसरंच पुस्तक असणार, एवढी चाळणी तरी होते.

सगळ्यात महत्त्वाचं: हार्डकव्हरच्या वरचं सुटं कागदी आवरण, ज्याला विक्रेते डस्ट जॅकेट म्हणतात, ते असेल तर संग्राहक वेडे होतात. पहिल्या आवृत्तीच्या किमतीतला मोठा वाटा त्या कागदाचा असतो. तुम्हाला त्याचं काही पडलेलं नाही. तेव्हा जॅकेट नसलेली प्रत मागा. ग्रंथालयाने काढून टाकलेली प्रत तर उत्तमच. शिक्के, आतल्या बाजूला कार्डाचा खिसा, पाठीवर क्रमांक, म्हणजे संग्राहकाच्या लेखी मेलेलं पुस्तक. बुक क्लबची, म्हणजे सभासदांसाठी स्वस्तात छापलेली आवृत्तीही बघा. ती ओळखायची खूण म्हणजे जॅकेटच्या आतल्या घडीवर सहसा छापील किंमत नसते, कागद हलका असतो आणि मागच्या पुठ्ठ्यावर खालच्या कोपऱ्यात बऱ्याचदा बारीक दाबलेला ठसा असतो. मजकूर मात्र पूर्ण. रीडर्स डायजेस्टच्या संक्षिप्त खंडापासून तेवढं सांभाळा. तिथे कात्री लागलेली असते आणि तुमचा कोपऱ्यातला माणूस पहिला कापला गेला असेल.

कपाटभर

वाचायचीच आहे तर विकत कशाला घ्यायची? वर्ल्डकॅटवर, म्हणजे जगभरच्या ग्रंथालयांच्या एकत्रित ऑनलाइन सूचीवर, शीर्षक टाका, कोणत्या ग्रंथालयांत प्रत आहे ते दिसेल. मग तुम्ही ज्या ग्रंथालयाचे सभासद आहात तिथे आंतरग्रंथालयीन देवघेवीची विनंती करा. फार तर नाही म्हणतील.

आणि वर्ल्डकॅटवर आणखी एक काम उरका. एकाच पुस्तकाच्या सगळ्या आवृत्त्यांची यादी उघडा. पन्नाशीच्या दशकात अमेरिकन पेपरबॅकवाले हार्डकव्हर कादंबरी उचलून सरळ नवीन, भडक नाव देत आणि वर तसंच भडक चित्र टाकत. तुमची कादंबरी वेगळ्याच नावाने स्वस्तात पडलेली असू शकते.

जुनापुराणा

कपाटभर, हे माझ्याकडून सुटलं होतं, +१. फक्त त्या पेपरबॅकचा कागद आम्लयुक्त असतो. पिवळा पडून कडा इतक्या ठिसूळ होतात की पान उलटताना कोपरा हातात येतो. पाठीचा डिंकही वाळलेला. एकदा वाचून होईल, सपाट उघडायला जाऊ नका. आणि भडक चित्रांचेही संग्राहक आहेत, तेव्हा इथेही चुरगळलेली प्रतच मागा.

अनुक्रमणिका

कायदेशीर आणि फुकट असा एक रस्ता कोणी सांगितला नाही म्हणून लिहिते. अमेरिकेत १९६३ पर्यंत निघालेल्या पुस्तकांचा कॉपीराइट आपोआप पुढे चालत नव्हता. अठ्ठाविसाव्या वर्षी नूतनीकरण करावं लागे, नाहीतर पुस्तक सार्वजनिक मालकीचं होई. असंख्य पुस्तकांचं नूतनीकरण कोणी केलंच नाही. अपयशी ठरलेली क्रीडा कादंबरी, प्रकाशक बुडालेला, लेखक दुसऱ्या धंद्यात, कोण अर्ज भरणार? स्टॅनफर्ड विद्यापीठाने या नूतनीकरणांचा शोधता येण्याजोगा विदा (डेटाबेस) ऑनलाइन ठेवलाय. तिथे लेखक आणि शीर्षक दोन्हींनी शोधा. नोंद नाही मिळाली तर हाथीट्रस्ट या ग्रंथालयांनी स्कॅन केलेल्या पुस्तकांच्या साइटवर जाऊन पुस्तक पूर्ण वाचायला खुलं आहे का ते बघा.

एक पाचर आहे. लेखक अमेरिकेबाहेरचा असेल आणि पुस्तक आधी बाहेर निघालं असेल तर १९९६ पासून अशा बऱ्याच पुस्तकांचे हक्क परत जिवंत झालेत. शिवाय तुम्ही राहता तिथला कायदा वेगळा असू शकतो.

स्कॅन केलेली पुस्तकं ऑनलाइन उधार देणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हवरही एकदा डोकावा. प्रकाशकांच्या दाव्यात निकाल विरुद्ध गेल्यावर त्यांनी पाच लाखांहून जास्त पुस्तकं उधारीतून काढली हे खरं, पण त्या मनाईहुकुमाचा रोख ज्यांचं ई-पुस्तक बाजारात आहे अशा पुस्तकांवर आहे. ज्याचं कुठेच काही मिळत नाही, ते तिथे तासाभरासाठी वाचायला मिळण्याची शक्यता उलट जास्त.

नव्याने छापलेली म्हणून कोऱ्या, एकरंगी कव्हरची प्रत कोणी विकत असेल तर मात्र सावध. पुस्तक सार्वजनिक मालकीचं असेल तर ते चालतं, पण स्कॅन करून छापलेलं असतं. पानं वाकडी, कडेची अक्षरं कापलेली. हक्क जिवंत असतील तर ती सरळ चोरी.

कपाटभर

पुनर्मुद्रणाचं राहिलं. खेळाच्या कादंबरीत असं घडलंय. 'वन्स अ रनर' ही धावपटूची कादंबरी १९७८ मध्ये लेखकाने स्वतःच छापली आणि शर्यतींच्या ठिकाणी विकली. छपाई बंद झाल्यावर जुन्या प्रती शेकडो डॉलरला जायला लागल्या. शेवटी २००९ मध्ये स्क्रिबनर या प्रकाशनाने ती रीतसर काढली. पण तिच्यामागे धावणाऱ्यांची अख्खी जमात होती, हातोहात फिरवणारी. तुमच्या कादंबरीमागे सध्या तुम्ही एकटे दिसताय. लेखकाचे वारस आणि शेवटचा प्रकाशक सापडत असेल तर एक पत्र टाकायला हरकत नाही, घरात शिल्लक प्रतींचा खोका निघू शकतो. त्या भरवशावर थांबू मात्र नका. जुन्या पुस्तकांच्या एबबुक्स या साइटवर 'हवंय' यादीत नोंद करून ठेवा, तुम्ही घातलेल्या मर्यादेखालची प्रत आली की ईमेल येतो.

तिसरी_घंटा

सगळ्यांचे मनापासून आभार. स्टॅनफर्डच्या विदामध्ये नूतनीकरणाची नोंद निघाली, म्हणजे फुकटचा रस्ता बंद. पण 'खेळ' विभागात, आडनावाचं एक अक्षर गाळून, एक प्रत सापडली! किंमत पहिल्या नोंदीच्या पावपटही नाही. वर्णन जसंच्या तसं देतो:

'वाचनप्रत. माजी ग्रंथालय. जॅकेट नाही. पुढचं कोरं पान काढलेलं. सांधा ढिला. पान १७३-७४ ला जुनी टेप. जशी आहे तशी.'

घ्यावी का?

जुनापुराणा

घ्या. पण आधी दोन ओळी विचारा. कोरं पान गेलं त्याने काही बिघडत नाही, ग्रंथालयं शिक्क्यासकट तेच फाडतात. सांधा ढिला म्हणजे पुठ्ठा हलतो, पानं नव्हेत. काळजी टेपची. जुनी टेप तपकिरी होते आणि खालची अक्षरं गिळते, त्यामुळे १७३ आणि १७४ या दोन्ही बाजूंचा फोटो मागा. सोबत शेवटच्या छापील पानाचा क्रमांक विचारा आणि वर्ल्डकॅटवरच्या पृष्ठसंख्येशी ताडून बघा. एवढं लिहिणारा विक्रेता सहसा प्रामाणिक असतो, पुस्तक त्याच्या हातात आहे हे कळतं.

टपालखर्च पैसे भरायच्या आधी ठरवून घ्या. स्वस्त प्रतीची मजा बहुतेक वेळा तिथेच जाते. जाडजूड पुस्तक नसेल तर घाईचं पार्सल नको, सगळ्यात संथ पण माग काढता येईल अशा टपालाने पाठवा म्हणावं.